विश्लेषण : रायफलीला ‘सेफ्टी’ असूनही गोळी का सुटते? रेमिंग्टन ७०० चा वाद काय सांगतो?

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने मे २०२५ मध्ये एक कायदा केला. बंदुकीला बाहेरून हाताने लावता येणारा सेफ्टी कॅच नाही, एवढ्याच कारणावरून यापुढे त्या राज्यात बंदूक उत्पादकावर दावा लावता येणार नाही. या कायद्याला पार्श्वभूमी होती सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० पिस्तुलाची. चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी या पिस्तुलाबद्दल वर्षानुवर्षे होत आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये फिलाडेल्फियातील ज्युरीने एका माजी सैनिकाला १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. कंपनी दोष नाकारते. कंपनीचे अमेरिकेतील मुख्यालय न्यू हॅम्पशायरमध्येच आहे, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

सेफ्टी असावी की नसावी, असा हा वाद आहे. पण शिकारी रायफलींच्या बाबतीत प्रश्न त्याच्या बराच पुढे गेलेला आहे. रेमिंग्टन ७०० या अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या बोल्ट रायफलींपैकी एकीला सेफ्टी कॅच होता. तक्रार अशी होती, की तो कॅच ‘फायर’कडे सरकवताना, चापाला बोट न लागता, गोळी सुटते.

सेफ्टी कॅच नेमके काय अडवतो?

उंदीर पकडण्याचा स्प्रिंगचा सापळा डोळ्यांसमोर आणला की रायफलीचे आतले काम समजते. सापळ्याची दांडी मागे ओढून एका छोट्या अडकणीत अडकवतात. अडकण सुटली की दांडी आपटते. बोल्ट रायफलीत त्या दांडीच्या जागी फायरिंग पिन असते. बोल्ट मागेपुढे केला की स्प्रिंग ताणली जाते आणि पिन एका पोलादी अडकणीवर येऊन थांबते. या अडकणीला ‘सिअर’ म्हणतात. चाप ओढला की सिअरचा आधार जातो, पिन पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाला ठोकते.

आता या सापळ्याला कुलूप कुठे लावायचे? चाप हलू द्यायचा नाही, हा एक मार्ग. सिअर अडवून धरायचा, हा दुसरा. थेट फायरिंग पिनच पकडून ठेवायची, हा तिसरा. चौथा मार्ग म्हणजे गरज पडेपर्यंत सापळा ताणायचाच नाही. बाहेरून पाहिले तर सगळीकडे अंगठ्याने सरकवायचा एक खटकाच दिसतो, दुकानातही तो सारखाच वाटतो. आत मात्र फरक मोठा आहे. केवळ चाप अडवलेला असेल आणि रायफल खडकावर आपटली, तर सिअर आपल्या जागेवरून घसरू शकतो. चाप हललेला नसतो, तरी पिन सुटते. पिनच पकडलेली असेल तर त्या धक्क्याने सहसा काही होत नाही.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आणि तो बहुतेक ग्राहक विचारत नाहीत : सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढता येते का? शिकारी दिवसभर रायफल भरून हिंडतो आणि संध्याकाळी ती रिकामी करतो. त्या वेळी आसपास गाडी असते, सोबती असतात, कधी घरचे असतात. रिकामी करण्यासाठी आधी सेफ्टी काढावीच लागत असेल, तर माणसांच्या गर्दीतच रायफल काही क्षण ‘फायर’वर येते.

जुने खटके चांगले होते, मग ते बदलले का?

जर्मनीच्या माउझर ९८ रायफलीने १८९८ मध्ये जो नमुना घालून दिला, तो आजही अनेकांना सर्वोत्तम वाटतो. बोल्टच्या मागच्या टोकाला पाकळीसारखा खटका. त्याच्या तीन जागा. डावीकडे असला की रायफल चालते. उजवीकडे आडवा केला की पिनही बंद आणि बोल्टही बंद. मधोमध उभा ठेवला की पिन पकडलेली राहते, पण बोल्ट उघडतो. म्हणजे सेफ्टी न काढता रायफल रिकामी करता येते. अमेरिकेत विंचेस्टरने १९३६ मध्ये आणलेल्या मॉडेल ७० मध्ये हीच तीन जागांची कल्पना घेतली.

अडचण दुर्बिणीने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकारी रायफलींवर दुर्बीण बसवण्याची पद्धत सर्रास झाली. नळीच्या अगदी जवळ बसवलेल्या दुर्बिणीखाली माउझरची उभी पाकळी मावत नाही. विंचेस्टरचा आडवा फिरणारा खटका मावत होता, पण पिन पकडणारे भाग नेमके घडवायला वेळ आणि पैसा लागतो. त्यापेक्षा चाप, सिअर आणि सेफ्टी असे सगळे एका छोट्या पेटीत बसवून ती पेटी रायफलीला खालून जोडणे स्वस्त होते. खटका बाजूला येतो, दुर्बिणीच्या आड येत नाही, अंगठ्याला सहज सापडतो. त्याच्या जागा दोनच, पुढे आणि मागे. आजच्या बहुसंख्य कारखानी रायफली याच वाटेने गेलेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच उत्तम चालतात.

सेफ्टीबरोबर बोल्टही बंद करण्यामागे व्यवहार होता. काटेरी झुडपांतून जाताना बोल्टचा दांडा फांदीत अडकतो, नकळत उघडतो आणि काडतूस खाली पडते. ऐन वेळी रायफल रिकामी निघते. हे टाळण्यासाठी दिलेले कुलूप रिकामी करण्याच्या वेळी अंगावर आले.

रेमिंग्टनच्या चापात वेगळे काय होते?

माइक वॉकर हे रेमिंग्टनचे अभियंता आणि स्वतः अचूक नेमबाजीचे शौकीन. चाप काचेची कांडी मोडावी तसा, जराही न घसटता सुटावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी चाप आणि सिअर यांच्यामध्ये ‘कनेक्टर’ नावाची एक छोटी पट्टी घातली. ती चापाला जोडलेली नाही, स्प्रिंगच्या दाबाने त्याला नुसती टेकून असते. सिअर या पट्टीच्या कडेवर उभा राहतो. १९५० मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या मॉडेल ७०० मध्ये हाच चाप होता. रायफल कमालीची अचूक निघाली. अमेरिकी मरीन आणि लष्कर यांच्या स्नायपर रायफली याच मॉडेलवरून बेतल्या गेल्या. पुढे न्यायालयात कंपनीने या गोष्टीचा वारंवार दाखला दिला.

वादींच्या तज्ज्ञांचे म्हणणे थोडक्यात असे. गोळी झाडल्यावर कनेक्टर क्षणभर चापापासून दूर जातो आणि परत येतो. त्या फटीत धातूचा कीस, घट्ट झालेले तेल, बर्फाचा कण किंवा माती अडकली, तर तो पूर्णपणे परत येत नाही. सिअरला जेमतेम आधार उरतो, किंवा उरतच नाही. सेफ्टी लावलेली असते तेव्हा सिअर सेफ्टीच्याच उंचवट्यावर उचलून धरलेला असतो, म्हणून काही कळत नाही. सेफ्टी काढली की सिअर खाली येतो. खाली कनेक्टर असायला हवा. तो नसेल तर पिन सुटते.

म्हणजे सेफ्टी लावलेली असताना ती तिचे काम चोख करत होती, पण आतला आधार गेल्याचे झाकूनही ठेवत होती.

याहून त्रासदायक गोष्ट पुरावा गोळा करण्याची. गोळी सुटण्याच्या धक्क्याने तो कण निघून जातो आणि कनेक्टर आपल्या जागी येतो. नंतर प्रयोगशाळेत रायफल शंभरदा तपासली तरी ती बरोबर चालते. मग अपघात ज्याच्या हातून झाला त्याचे ‘मी चापाला हात लावला नव्हता’ हे वाक्य तेवढे उरते. कंपनीचे उत्तर ठरलेले होते : रायफलीची निगा राखलेली नाही, चापाचे स्क्रू कोणीतरी फिरवले आहेत, किंवा बोट नकळत चापावर गेले. काही प्रकरणांत हे खरेही असेल. पण कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांत ‘सेफ्टी काढताना गोळी सुटणे’, ‘बोल्ट उघडताना सुटणे’, ‘बोल्ट बंद करताना सुटणे’ आणि ‘धक्क्याने सुटणे’ अशा प्रकारांना वेगवेगळी लघुनामे होती. न घडणाऱ्या गोष्टीला कोणी लघुनाम देत नाही.

वॉकर यांनी स्वतः १९४० च्या दशकाच्या अखेरीस चाप अडवणारा एक जादा भाग सुचवला होता, हेही या कागदपत्रांतून पुढे आले. त्याचा अंदाजे खर्च होता रायफलीमागे साडेपाच सेंट. तो बसवला गेला नाही.

हा वाद लोकांपुढे कधी आला?

न्यायालयात तो आधीपासून होता. रेमिंग्टनच्याच मॉडेल ६०० मुळे टेक्सासमधील एक वकील कायमचा अपंग झाला. १९७८ मध्ये कंपनीने त्या प्रकरणात ६८ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि मॉडेल ६०० परत मागवले. मॉडेल ७०० परत मागवले नाही. १९८२ मध्ये मात्र नव्या ७०० रायफलींतून बोल्टचे कुलूप शांतपणे काढून टाकले. त्यानंतरच्या रायफली सेफ्टी लावून रिकाम्या करता येऊ लागल्या. आधी विकलेल्या लाखो रायफली कपाटांत तशाच राहिल्या. १९९४ मध्ये टेक्सासमधील ज्युरीने पाय गमावलेल्या एका शिकाऱ्याला १ कोटी ७० लाख डॉलर दिले.

ऑक्टोबर २००० मध्ये मॉन्टाना राज्यातील एक कुटुंब शिकारीहून परतत होते. आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली. ती जुनी, बोल्टला कुलूप असलेली रायफल होती, त्यामुळे सेफ्टी काढण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. गोळी सुटली आणि घोडे वाहून नेण्याच्या गाडीचे पत्रे भेदून पलीकडे असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा वाचला नाही. आईने चापाला बोट लावले नव्हते, असे कुटुंबाने सांगितले. तेव्हापासून वडिलांनी कंपनीची कागदपत्रे जमवायला सुरुवात केली. पुढे २०१० मध्ये सीएनबीसी वाहिनीने दाखवलेल्या ‘रेमिंग्टन अंडर फायर’ या वृत्तपटामागे त्यांनी जमवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता.

कंपनीने २००२ मध्ये जुन्या रायफलींतील बोल्टचे कुलूप काढून देण्याची योजना आणली. ती फुकट नव्हती, मालकाला सुमारे २० डॉलर भरावे लागत. चाप तोच राहिला. २००६ पासून कनेक्टर नसलेला ‘एक्स-मार्क प्रो’ हा नवा चाप आला. दैवाचा खेळ असा, की एप्रिल २०१४ मध्ये तोही परत मागवावा लागला. जोडणी करताना वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने गोळी आपोआप सुटू शकते, असे कंपनीनेच जाहीर केले.

रायफली परत का मागवल्या गेल्या नाहीत?

कारण तसा हुकूम देणारे कोणी अमेरिकेत नाही. सदोष मिक्सर, पाळणा किंवा खेळणे बाजारातून काढायला लावण्याचा अधिकार तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला आहे. पण १९७२ च्या ज्या कायद्याने हा आयोग जन्माला आला, त्यानेच बंदुका त्याच्या कक्षेतून वगळल्या. खेळण्यातली बंदूक आयोगाच्या ताब्यात, खरी बंदूक नाही. बंदूक परत मागवायची की नाही, हे कंपनीने ठरवायचे. ग्राहकाकडे उरतो फक्त न्यायालयाचा रस्ता आणि तिथे बहुतेक खटले तडजोडीत मिटतात, कागदपत्रे मोहरबंद होतात. पुढच्या ग्राहकाला काही कळत नाही.

सामूहिक दावा अखेर २०१३ मध्ये मिसुरी राज्यातील संघराज्य न्यायालयात दाखल झाला. २०१७ मध्ये तडजोडीला मंजुरी मिळाली आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. सुमारे ७५ लाख बंदुकांना ती लागू होती. बहुतेकांचा चाप फुकट बदलून मिळणार होता, फार जुन्या मॉडेलांना मात्र किरकोळ रकमेची कूपने. कंपनीने चूक मान्य केली नाही. प्रतिसाद पाहा : मंजुरीच्या वेळेपर्यंत जेमतेम २२ हजार मालकांनी अर्ज केले होते. हजारांत तीन. अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतला की मालकांपर्यंत धोका पोहोचलेलाच नाही. ‘तडजोड’ म्हटले की लोकांना भरपाईची नोटीस वाटते, ‘रायफल वापरू नका’ असा इशारा वाटत नाही. अर्जाची मुदत २०२० मध्ये संपली. त्याच वर्षी रेमिंग्टन दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यांनी विकली गेली. नव्या मालकांनी हे नाव लावून रायफली बनवणे सुरू केले, पण जुन्या रायफलींची जबाबदारी कोणाच्या गळ्यात, हा प्रश्न हवेतच राहिला.

आजच्या रचनांत कोणती बरी?

सगळ्यात वेगळी वाट जर्मनीच्या ब्लेझर कंपनीने लोकप्रिय केली. तिच्या आर-९३ आणि २००८ मध्ये आलेल्या आर-८ या रायफलींना नेहमीच्या अर्थाने सेफ्टीच नाही. चेंबरमध्ये काडतूस असते, पण स्प्रिंग सैल असते. प्राणी समोर आला की अंगठ्याने मोठी कळ जोर लावून पुढे ढकलायची, तेव्हा स्प्रिंग ताणली जाते. गोळी झाडायची नसेल तर कळ परत मागे. युरोपात हाक्याची शिकार होते, एका रांगेत अनेक बंदुका असतात, शिकारी उंच मचाणावर चढतात, घसरतात. अशा ठिकाणी न ताणलेला सापळा हीच सर्वांत भक्कम सेफ्टी. किंमत मात्र सामान्य अमेरिकी शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेर, आणि थंडीत बधिर झालेल्या अंगठ्याला ती कळ जड जाते.

फिनलंडच्या साको ८५ मध्ये तडजोड सोपी आणि चतुर आहे. खटका दोनच जागांचा, सेफ्टीबरोबर बोल्टही बंद होतो, पण खटक्याच्या पुढे एक छोटी कळ आहे. ती दाबली की सेफ्टी लावलेली ठेवूनच बोल्ट उघडतो. सॅव्हेजच्या ११० मध्ये तीन जागांचा खटका दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली येतो. रूगरनेही आपल्या मॉडेल ७७ च्या पुढच्या आवृत्तीत दोन जागांचा खटका सोडून तीन जागांचा घेतला.

पिन पकडणारा माउझर पद्धतीचा खटका निर्दोष आहे, असेही नाही. सेफ्टी लावलेली असताना कोणी चाप ओढला आणि घाणीमुळे सिअर वर परतलाच नाही, तर सेफ्टी काढताच तिथेही पिन पुढे जाईल. फरक इतकाच, की त्याचे भाग मोठे, मोजके आणि जोरकस स्प्रिंगचे आहेत, अडकायला जागा कमी. आणि मधल्या जागेमुळे रिकामी करताना सेफ्टी काढावीच लागत नाही. मॉन्टानातील त्या आईच्या हातात तीन जागांची रायफल असती, तर आतला चाप कितीही बिघडलेला असला तरी काडतूस आधी बाहेर आले असते.

भारतात याचा संबंध काय?

वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात छंदाची शिकार बंद आहे. पण पिकांचे रक्षण आणि स्वसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत शेतीसंरक्षणासाठी दिलेले परवाने जुने आहेत. रानडुकरांचा उपद्रव वाढला की वनखात्याच्या परवानगीने त्यांना मारण्याचा विषयही निघतो. कोकणातील ठासणीच्या किंवा एकनळी घोड्याच्या बंदुकांना बऱ्याचदा वेगळा सेफ्टी कॅच नसतोच. घोडा पाडलेला ठेवणे, हीच त्यांची सेफ्टी. ताणलेला घोडा अंगठ्याने हळूच खाली आणताना तो निसटला, की अपघात.

रायफलींत देशी उत्पादनाची ओळखीची बंदूक म्हणजे सरकारी कारखान्यांत बनलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल, बोलीभाषेत ‘तीनशे पंधरा’. तिची जातकुळी ब्रिटिशकालीन ली-एन्फिल्डची. त्या पद्धतीचा खटका फायरिंग पिनचा मागचा भाग पकडतो, म्हणजे धक्क्यासाठी तो मजबूत. पण दोन जागांचा असल्याने तो बोल्टही बंद करतो. चेंबरमधले काडतूस काढायचे तर सेफ्टी काढावी लागते. चाप साधा आणि दणकट, कनेक्टरसारखी सुटी पट्टी नाही, त्यामुळे रेमिंग्टनची तक्रार हिला जशीच्या तशी लागू होत नाही. क्रम मात्र तोच राहतो : आधी सेफ्टी ‘फायर’वर, मग बोल्ट.

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. अशा प्रशिक्षणात पहिल्यांदा शिकवली जाते ती नळीची दिशा. .३१५ सारख्या रायफलीची गोळी पत्र्याचे दार आणि साधी भिंत सहज ओलांडते. त्यामुळे ती रिकामी करण्याची जागा अंगण, ओटी किंवा जीपचा मागचा भाग नव्हे. नळी मऊ मातीच्या बांधाकडे, माणसे पाठीमागे, बोट चापाच्या कड्याबाहेर, आणि मग खटक्याला हात.